घरून कॉलेज की बाहेरगावी? बारावीनंतर ठरवायचं कसं

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल आले की आमच्या दारात संध्याकाळी चपलांचा ढीग पडतो. मी बार्शीत ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. मुलं आणि त्यांचे आईवडील येतात, चहा होतो आणि मग प्रश्न निघतो: "मॅडम, इथंच घालू का पुण्याला पाठवू?"

पंधरा मिनिटांत देण्यासारखं या प्रश्नाला उत्तर नाही, पण ते शोधायची एक पद्धत आहे. मी स्वतः १९९६ साली बार्शीहून पुण्याला गेले आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहिले. धाकटा भाऊ सोलापूरला शिकला. आता भाची पुण्यात आहे. आमच्या घरात दोन्ही वाटा चालून झाल्यात आणि दोन्हींतल्या चुकाही करून झाल्यात. ज्यांच्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजला चाललंय, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय.

पहिली पायरी: एक साधा मंगळवार लिहून काढा

वही घ्या. एका पानावर "घरून" लिहा, दुसऱ्यावर "बाहेरगावी". दोन्ही पानांवर एका साध्या मंगळवाराचा दिवस उठण्यापासून झोपेपर्यंत वेळेनुसार उतरवा. सोमवारी माणूस सुट्टीतून आलेला असतो आणि शुक्रवारी सुट्टीकडे निघालेला. मंगळवार मात्र खरा असतो.

वैरागजवळच्या एका गावातल्या मुलानं माझ्यासमोर बसून लिहिलेलं पान सांगते. कॉलेज सोलापुरात. पावणेसहाला उठायचं. साडेसहाला गावातली मुक्कामी गाडी. ती चुकली तर पुढची गाडी साडेआठची, म्हणजे पहिली दोन लेक्चर गेली. सव्वाआठला सोलापूर स्टँड, तिथून सिटी बस, पावणेनऊला कॉलेज. पाचला प्रॅक्टिकल सुटतं, पावणेसहाची एसटी, पावणेआठला घर. जेवण, जरा आडवं होणं, आणि नऊला डोळे मिटायला लागतात. येण्याजाण्याचे रोज पाच तास होतात. कॉलेज वर्षातून १८० दिवस भरतं असं धरलं तरी ९०० तास, म्हणजे रात्रंदिवस मोजले तर ३७ दिवसांहून जास्त. मुलगा पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मग मी अभ्यास करणार कधी?"

पुण्याचं पानही तितकंच प्रामाणिकपणे लिहायला हवं. सातला उठणं, सहाजणांत एक बाथरूम. नाश्ता बाहेर, नाहीतर नाहीच. नऊ ते पाच कॉलेज. आठला मेस. नऊला खोलीवर. नऊ ते बारा हे तीन तास पूर्ण तुमचे, आणि ते कुठे गेले हे विचारणारं कुणी नाही. ज्या मुलाला आजवर आईनं हाक मारून अभ्यासाला बसवलंय, त्यानं या तीन तासांपुढे काय लिहितोय हे नीट बघावं. "अभ्यास" असं एका शब्दात लिहून मोकळं होऊ नये.

घरच्या पानावर घरची कामंही आली पाहिजेत. म्हशीची धार, दुकानावर बसणं, पाहुणे, आजीचा दवाखाना, लग्नसराई. मूल घरी आहे म्हटल्यावर "जरा जाऊन ये" हे दिवसातून चारदा होतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण तासाभराची चार कामं झाली की संध्याकाळ संपली.

दुसरी पायरी: तिथं असं काय आहे जे इथं मिळत नाही?

"पुण्याला चांगलं असतं" हे उत्तर मी मान्य करत नाही. नेमकं काय, ते एका वाक्यात लिहा. "या शाखेची प्रयोगशाळा तिथं आहे, इथं नाही." "सीएची आर्टिकलशिप करायला तिथं फर्म जास्त आहेत." "मला जर्मन शिकायचंय आणि आमच्या जिल्ह्यात पदवीला तो विषय नाही." असं वाक्य लिहिता आलं तर जाण्याला कारण आहे. वाक्य "सगळे जातात" असं निघालं तर अजून आठ दिवस थांबा.

साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जवळच्या कॉलेजात लेक्चर नियमित होत असतील, प्रयोगशाळा उघडी असेल आणि तुमचा विषय शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक असतील, तर पदवी घरून करावी. वाचलेला पैसा पदव्युत्तर शिक्षणासाठी, एखाद्या चांगल्या कोर्ससाठी किंवा स्पर्धा परीक्षेच्या वर्षासाठी ठेवावा. एकविसाव्या वर्षी बाहेर पडलेलं मूल अठराव्या वर्षीपेक्षा कमी पैशात जास्त शिकून येतं, हे मी अनेकदा पाहिलंय. पण जवळच्या कॉलेजात वर्ग भरतच नसतील आणि मुलं फक्त परीक्षेला जात असतील, तर घराजवळ राहण्यातला अर्धा फायदा तिथंच संपतो.

इंजिनीअरिंगचं गणित वेगळं आहे, आणि इथं बहुतेक घरं एक गोष्ट विसरतात. त्यांच्या डोळ्यांपुढे दोनच टोकं असतात, गावाजवळचं खासगी कॉलेज नाहीतर पुणे-मुंबई. मधली गावं कुणी बघतच नाही. सांगलीचं वालचंद १९४७ सालचं आहे. कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० सालचं. नांदेडचं गुरू गोबिंदसिंगजी १९८१चं, लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९चं. या गावांत खोलीचं भाडं पुण्यापेक्षा कितीतरी कमी, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आजूबाजूची मुलं तुमच्यासारखीच तालुक्यातून आलेली. पुण्यातल्या साधारण कॉलेजपेक्षा कराड-सांगलीत मिळणारी जागा मी डोळे झाकून घ्यायला सांगते.

आणखी एक मधली वाट म्हणजे जवळच्याच शहरात खोली. माझा भाऊ असाच राहिला. सोलापुरात तिघांत एक खोली, आणि आई सकाळच्या एसटीनं डबा पाठवायची. फडक्यात बांधलेला चार ताळ्यांचा डबा, फडक्याच्या गाठीत नावाची चिठ्ठी. ड्रायव्हरच्या शेजारी ठेवला की दहाच्या सुमाराला स्टँडवर भाऊ उतरवून घ्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. खर्च निम्मा, प्रवासाचे तास वाचले, आणि शनिवारी रात्री घरचं ताट. त्या वैरागच्या मुलानं शेवटी हेच केलं.

तिसरी पायरी: पैसे, आणि तेही पूर्ण चार वर्षांचे

पालक पहिल्या वर्षाची फी आणि डिपॉझिट जमवतात आणि गंगेत घोडं न्हालं म्हणतात. अडचण दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये येते. म्हणून हिशेब शेवटच्या वर्षापर्यंत करा.

भाचीला पुण्यात ठेवताना आम्ही मांडलेला हिशेब देते. तुमचे आकडे वेगळे येतील, पण ओळी याच राहतील. कॉटचं भाडं महिना ५,५००. मेस ३,५००. नाश्ता-चहा १,५००. बस-रिक्षा १,०००. मोबाइल, झेरॉक्स, वह्या ७००. घरी येणं-जाणं आणि औषधपाणी ८००. साबण-तेल-कपडे ५००. महिन्याला १३,५०० झाले. आता बारकावा बघा. मेस आणि वरखर्च दहा महिन्यांचा धरला तरी भाडं अकरा महिन्यांचं भरावं लागतं, कारण करार अकरा महिन्यांचा असतो आणि दिवाळीत तुम्ही घरी असलात म्हणून मालक भाडं सोडत नाही. वर्षाचे होतात १,४०,५००. चार वर्षांचे ५,६२,०००, भाडेवाढ न धरता आणि कॉलेजची फी सोडून.

मेसची पाटी आधी वाचा. पुण्यात "चार दिवसांपेक्षा जास्त सुट्टी असेल तरच खाडा धरला जाईल" असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. म्हणजे शनिवार-रविवार घरी आलात तर त्या जेवणाचे पैसे गेले. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा महिन्यातली चार जेवणं वेगळी धरायची.

घरून जायचं असेल तर एसटीचा विद्यार्थी पास घ्या. त्यात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे एकतृतीयांश पैशात प्रवास होतो. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, त्यामुळे कॉलेजला गेल्यावर तो खर्च नव्यानं येतो हे लक्षात ठेवा.

चौथी पायरी: योजना आणि कागद

राहण्या-जेवणाचा खर्च हेच अडसर असेल तर नाही म्हणायच्या आधी इकडे बघा. शासकीय वसतिगृहाचा अर्ज सर्वात आधी. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. वरच्या आमच्या हिशेबाशी ताडून बघा. साठ हजारांत पुण्याचा खर्च पूर्ण भागत नाही, पण कॉटचं भाडं सुटतं. तेवढ्यानं अनेक घरांचा निर्णय बदलतो.

व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शासन निर्णय ८ जुलै २०२४चा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही, आणि हॉस्टेल-मेसचे पैसे हिच्यात येत नाहीत. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ठेवलेल्या फी-माफीच्या, जागाही बघा. उत्पन्नाची अट तिथंही ८ लाखांचीच. ट्यूशन फी माफ होते, पण त्या जागेवरून पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. म्हणून ती जागा जिथं चार वर्षं खरंच राहू शकाल तिथलीच घ्या.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारे शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात. शिष्यवृत्ती मंजूर आहे म्हणून सप्टेंबरचं भाडं तिच्यावर सोडू नका. दोन महिन्यांचा खर्च हातात ठेवूनच मुलाला पाठवा.

आणि कागद गाव सोडायच्या आधी काढा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता. वैधतेसाठी जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे खेटे पडतात. मूल पुण्यात आणि फाइल सोलापुरात, अशी ओढाताण मी दरवर्षी बघते. बारावीचं वर्ष सुरू असतानाच तो अर्ज गेलेला असावा.

बाहेर ठेवून शिकवणं हे फक्त पैसेवाल्यांचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांना मी दोन गोष्टी सांगते. खेड्यातली मुलं शहरात येऊन शिकली ती वसतिगृहांमुळे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग सुरू केलं तिथपासून ही परंपरा आहे. पुण्यात १९५५पासून विद्यार्थी सहाय्यक समिती गरजू मुलामुलींना अल्प दरात ठेवून घेते. पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची कमवा व शिका योजना अनेक कॉलेजांत चालते. अशा ठिकाणी अर्ज मात्र प्रवेशाबरोबरच करावा लागतो, महिन्यानं जाऊन उपयोग नसतो.

पाचवी पायरी: मुलींच्या बाबतीत वेगळं माप लावू नका

हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहायला हवं. मुलाचा विचार करताना पालक कॉलेज बघतात आणि मुलीचा विचार करताना अंतर. "जवळ ठेवली की काळजी नाही" म्हणतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी हुशार मुली जवळ ठेवल्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षाला स्थळ आलं म्हणून त्यांचं शिक्षण थांबलं. प्रॅक्टिकलच्या वहीत त्यांची अक्षरं मला अजून आठवतात.

सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, तेव्हा त्याला खरी उत्तरं मागा. कॉलेजचं मुलींचं वसतिगृह आवारात आहे का? गेट किती वाजता बंद होतं? रेक्टर तिथंच राहतात का? संध्याकाळच्या प्रॅक्टिकलनंतरचा रस्ता कसा आहे? ही उत्तरं चांगली मिळाली तर मुलीला पाठवा. रोज संध्याकाळी सातला निर्जन फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चालत घरी येण्यापेक्षा आवारातलं वसतिगृह जास्त सुरक्षित असतं, हेही मोजा.

मुलींनो, घरी राहायचं ठरलं तर पदवी पूर्ण होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही हे आताच, आजी-आत्यांसमोर, सगळ्यांच्या देखत बोलून घ्या.

सहावी पायरी: कॉलेज बघायला जा, पण प्रवेशाच्या दिवशी नको

प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक कॉलेजात मांडव असतो, पेढे असतात आणि गोड बोलणारी माणसं असतात. त्यातून काही कळत नाही. कॉलेज चालू असताना, एखाद्या मंगळवारी दुपारी अडीचला जा. सोलापूरहून पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघून संध्याकाळी परत निघता येतं. चार वर्षांच्या निर्णयासाठी एक दिवस आणि दोन तिकिटं हा खर्च जास्त नाही.

गेल्यावर आधी प्रयोगशाळेकडे जा. दाराला कुलूप आहे का, यंत्रांवर धूळ आहे का, मुलं कामात आहेत का. मग ग्रंथालय. वाचनकक्षात किती जण बसलेत आणि तो रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो. नोटीस बोर्डावरच्या तारखा बघा. सहा महिन्यांपूर्वीचे कागद लटकत असतील तर तेही एक उत्तर आहे. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) श्रेणी आणि स्वायत्तता विचारून घ्या, पण डोळ्यांनी पाहिलेलं जास्त धरा.

शेवटी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. मी भाचीबरोबर गेले तेव्हा तिनं चारच प्रश्न विचारले. गेल्या आठवड्यात किती लेक्चर झाली? आजारी पडलास तेव्हा कुणी काय केलं? पाणी किती वाजता येतं? पुन्हा संधी मिळाली तर इथंच येशील का? चौथ्या प्रश्नावर एक मुलगा बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "कॉलेज हेच, पण पहिल्या वर्षी हॉस्टेल घेईन. बाहेर खोली करून मी सहा महिने वाया घालवले." आमचा हॉस्टेलचा निर्णय त्या टपरीवर झाला. दोन वर्षांनी जागा नव्या मुलींना द्यावी लागली तेव्हाच भाची कॉटवर आली, आणि तोवर तिला शहर माहीत झालं होतं.

प्लेसमेंटचा आकडा विचारताना सर्वात मोठं पॅकेज विचारू नका. तुमच्या शाखेतल्या किती मुलांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती मिळाले, ते विचारा.

सातवी पायरी: ऑप्शन फॉर्म

घर की बाहेरगाव हा निर्णय ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपसाठी कॉलेज-शाखांच्या पसंतीची यादी, भरण्याआधी झालेला असला पाहिजे. नंतर झाला तर उपयोग नाही.

कट-ऑफच्या यादीत एच, ओ आणि एस ही अक्षरं दिसतात. एच म्हणजे ते कॉलेज ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं तिथल्याच (होम विद्यापीठाच्या) विद्यार्थ्यांच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांच्या, एस म्हणजे राज्यस्तरीय. महाराष्ट्रातच शिकलेल्या मुलांचं होम विद्यापीठ सहसा बारावी कुठून झाली त्यावरून ठरतं. घर बार्शीत पण अकरावी-बारावी लातूरला केली, तर तुमचं होम विद्यापीठ सोलापूर नसून नांदेडचं. आमच्याकडची बरीच मुलं लातूरला जातात आणि इथं गोंधळतात. पुण्यातल्या कॉलेजचा एचचा कट-ऑफ बघून "बसतंय" म्हणू नका, तुमचा रकाना ओ किंवा एसचा आहे. त्या वर्षीची माहिती पुस्तिका उघडून आपला रकाना पेन्सिलनं खुणावून घ्या.

क्रम आवडीचा लावा, मिळेल की नाही या भीतीचा नको. वर लिहिलेलं लागलं नाही तर खालचं आपोआप बघितलं जातं, वर लिहिल्यानं नुकसान होत नाही. आणि जिथं जायचंच नाही ते कॉलेज "असू दे" म्हणून यादीत घालू नका. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. गेल्या वर्षी एकानं मित्राचं बघून पहिल्या नंबरला लांबचं कॉलेज टाकलं आणि तेच लागलं. घरी कुणाची तयारी नव्हती. आठ दिवस त्या घरात चूल धड पेटली नाही.

शाखा आणि गाव यांत ओढाताण असेल, म्हणजे घराजवळ हवी ती शाखा आणि लांब नावाजलेलं कॉलेज पण नको ती शाखा, तर मी शाखेच्या बाजूनं आहे. नको असलेला विषय परक्या गावात एकट्यानं शिकणं फार जड जातं. दुसऱ्या वर्षी बदलून घेऊ, या आशेवर बसू नका. रिकाम्या जागा थोड्या असतात.

प्रवेश रद्द करायचा झाला तर ठरलेल्या तारखेच्या आत करा. फी तेव्हाच परत मिळते.

आठवी पायरी: बाहेर जायचं ठरलं तर

हॉस्टेलचा अर्ज कॅपपासून वेगळा असतो. प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी, त्याच रांगेतून उठून तो भरा.

बाहेर खोली घेताना दलालाच्या फोटोंवर जाऊ नका. खोलीत उभं राहून नळ सोडा, मोबाइलचं नेटवर्क बघा, खिडकी उघडते का बघा, एका संडास-बाथरूममागे किती कॉट आहेत ते मोजा. लाइट बिल भाड्यात आहे की वेगळं ते विचारा. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, महाराष्ट्रात तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिटची पावती घ्या. भाचीनं पहिली कॉट घेतली तेव्हा विश्वासानं रोख दहा हजार दिले, पावती घेतली नाही. सोडताना मालकीणबाई म्हणाल्या, "रंगाला गेले." भांडायला हातात कागदच नव्हता. तेव्हापासून आमच्याकडून पैसे जातात ते खात्यातूनच.

रॅगिंगचा त्रास झाला तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मुलाच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनमध्ये टाकून ठेवा. घरी येण्यासाठी रेल्वेत विद्यार्थ्यांना सवलत मिळते. त्याचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून घ्यावा लागतो, दिवाळीच्या महिनाभर आधी मागा.

पहिले सहा आठवडे अवघड जातात. मी स्वतः पहिल्या गुरुवारी मेसमध्ये आमटीचा पहिला घास घेतला आणि रडले. आमटी गोड होती. आमच्याकडे काळ्या मसाल्याशिवाय आमटी होत नाही. शेजारी बसलेली लातूरची मुलगी काही न बोलता उठली आणि खोलीतून शेंगदाण्याच्या चटणीची बाटली घेऊन आली. आजही आमचा फोन होतो. सोबत चटणी द्याच, पण चौघींना पुरेल एवढी द्या.

दर शनिवारी घरी येऊ नका. गणपतीला या, मग दिवाळीला. मधल्या रविवारी ते शहर पायी फिरा. पालकांनीही रोज चारदा फोन करून "जेवलीस का" विचारू नये. रात्रीची एक वेळ ठरवा आणि त्या वेळी मुलाला बोलू द्या. पहिल्या सेमिस्टरला गणितात राहिलं तर घाबरून परत बोलावू नका, पण सलग तीन आठवडे मूल फोनवर फक्त "हं" म्हणत असेल तर तिकीट काढा आणि जाऊन या.

नववी पायरी: घरी राहायचं ठरलं तर

हा निर्णय कमीपणाचा समजून घेतला तर चार वर्षं कुढण्यात जातात. त्यापेक्षा घरात बसून अटी ठरवा. मुलाला एक टेबल आणि दिवा. संध्याकाळी सात ते दहा कुणी कामाला हाक मारायची नाही. बाहेर ठेवलं असतं तर जो खर्च आला असता, त्यातला थोडा भाग, महिन्याला दोन हजार का होईना, मुलाच्या खात्यात टाका. पुस्तकं, एखादा कोर्स, चांगला लॅपटॉप त्यातून येईल.

बाहेर जाऊन जे शिकायला मिळतं ते घरी राहून आपण होऊन शोधावं लागतं. कॉलेज सुटल्यावर पहिली एसटी धरून घरी पळू नका. आठवड्यातून दोन दिवस शेवटच्या गाडीनं या, ग्रंथालयात बसा, एनएसएसच्या शिबिराला जा, स्पर्धेला नाव द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर पुण्याला किंवा संभाजीनगरला इंटर्नशिप करा, मावशीकडे नको, खोली करून राहा. स्वयंपाक, बँकेची कामं, स्वतःचे कपडे धुणं हे घरी राहूनही शिकता येतं, आईनं हात आखडता घेतला तर.

बदल करायचा झाला तर

डिसेंबरात, पहिलं सेमिस्टर संपताना, ती जुनी वही काढा. आता खरा मंगळवार लिहा, जसा गेला तसा. मनात धरलेल्या मंगळवाराशी तो ताडून बघा. घरून जाणाऱ्यानं प्रवासाचे तास बघावेत, जमत नसेल तर दुसऱ्या सेमिस्टरपासून कॉलेजजवळ खोली करावी, फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या दोन महिन्यांपुरती का होईना. बाहेर राहणाऱ्यानं नऊ ते बारा हे तीन तास बघावेत. खोली बदलून सुटणारा प्रश्न असेल तर कॉलेज बदलू नये, रूम पार्टनर बदलावा. आणि खोली सोडायची ठरली तर एक महिना आधी मालकाला लेखी कळवा, त्या कागदावर त्यांची सही घ्या, आणि चावी देताना डिपॉझिटची पावती सोबत असू द्या.